दुसरी डहाळी

वहिनी, तुमची सायकल घरी आणली. जिन्याखाली तिच्या नेहमीच्या जागेवर उभी केली आहे. पुढचं चाक अजून वाकडंच आहे, त्यामुळे ती नुसती उभी असली तरी रुसल्यासारखी दिसते. सोसायटीतल्या बायका येता-जाता तिच्याकडे बघतात आणि बोलता बोलता आवाज खाली आणतात. मला मात्र तिच्याशी भांडावंसं वाटतं. तुमच्याशी भांडायची इतकी सवय झालेली, आता तुम्ही नाही तर निदान सायकल तरी.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली होती. सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. हळदीकुंकवाला वाण घेता घेता ज्या बाई म्हणाल्या होत्या की मूलबाळ नाही म्हणून ही अशी रानोमाळ फिरते, त्यासुद्धा पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मी त्यांना जिलबी वाढली. तुम्ही असतात तर माझ्याकडे बघून एक भुवई वर केली असतीत, आणि मला हसू दाबायला स्वयंपाकघरात पळावं लागलं असतं. त्या दिवशी मी सवयीनं तुमच्या खुर्चीकडे बघितलं आणि मग जिलबीचं ताट कुणाच्या हातात दिलं ते आठवत नाही.

मला रडू येतं, पण ते नेमकं कशाचं येतं हे मला कळत नाहीये. तुम्ही गेलात याचं येतं, हे तर आहेच. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी आहे, आणि ते सांगायला लाज वाटते. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल असं विचारू नये. तरी विचारते. वहिनी, तुम्ही मला जंगलात कधीच का नेलं नाहीत?

सायकल तुम्हीच शिकवलीत मला. मी लग्न होऊन नेरूळला आले तेव्हा इथं रेल्वे यायची होती. आपल्या दोन फ्लॅटची दारं समोरासमोर, आणि बाहेर नुसते रुंद रस्ते, त्यांच्या कडेला गुडघाभर गवत आणि सेक्टरच्या पाट्या. माणसं अजून यायची होती. मी नगरकडची, आमच्याकडे सुनेनं सायकलवर बसणं म्हणजे गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय. तुम्ही श्रीवर्धनच्या, वर मोठी जाऊ. म्हणालात, इथं कोण बघतंय, ड्रेस घाल आणि चल. तुमची ती उंच जेन्ट्स सायकल, माझे पाय जमिनीला टेकेनात. मला फुटपाथच्या कडेवरून चढवून तुम्ही मागून कॅरियर धरून पळत होतात. मी घाबरले की बोलत सुटते. विलासनं लग्नाआधी मला काय काय थापा मारल्या होत्या ते सगळं मी तुम्हाला पॅडल मारता मारता सांगत होते. बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं, मागून हं-हं येत नाहीये. वळून बघितलं तर तुम्ही लांब कोपऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या होतात. मग मी पडले. पण तोवर मला सायकल येत होती.

त्यानंतर मला वाटलं होतं की आता पुढची पायरी आपोआपच येणार. आली नाही. थंडी पडली की तुम्ही ऑफिसातून एखादी रजा टाकायचात, ती रविवारला जोडायचात, आदल्या दिवशी बेलापूरहून येताना दिवाळे गावच्या कोळणींकडून सुका जवळा आणायचात, आणि तो पिशवीत पिशवी घालून सॅकच्या तळाशी दाबून बसवायचात. रानातल्या ज्या घरी मुक्काम पडेल तिथं द्यायला. त्याचा वास दोन्ही फ्लॅटमध्ये फिरायचा. मी नाक दाबून फिरायची आणि तुम्ही मला जवळ्याची चटणी खायला शिकवायची प्रतिज्ञा करायचात. दादा जिन्यात उकिडवे बसून दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे, लागली तर हवा मारायचे. तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला कुठं जाणार हे कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. तो माणूस फक्त टायर बघायचा. मग सकाळी तुम्ही सॅक पाठीला लावून निघालात की आम्ही दोघं आपापल्या गॅलरीत उभे असायचो.

पनवेल ओलांडायचं, करंजाड्याची शेतं डाव्या-उजव्या हाताला सोडायची, कर्नाळ्याची खिंड चढायची आणि तिथून पुढं हायवे सोडून जी वाट बरी दिसेल तिला लागायचं. एवढंच तुम्ही सांगायचात. बाकी सगळं परत आल्यावर. आंघोळ करून ओल्या केसांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसायचात, ओट्याला टेकून, आणि मी पोळ्या लाटत असायची. भेकर नावाचं हरीण कुत्र्यासारखं भुंकतं हे मला तिथं कळलं. सागाचं पान गळताना केवढा आवाज करतं, आणि माणूस उगाच मागे वळून बघतो, हे कळलं. एका ओढ्यात सायकल खांद्यावर घेऊन जाताना तुमची चप्पल वाहून गेली आणि पुढची सगळी वाट तुम्ही एका अनवाणी पायानं पॅडल मारलंत. दादांना यातलं काही सांगितलं नव्हतं, मलाच सांगितलं होतं. मी पोळी करपवायची. आणि मग दर वेळी तेच भांडण.

मी म्हणायची, मला न्या. तुम्ही म्हणायचात, ते एकटीनं जायचं असतं. मी म्हणायची, मग सांगता कशाला येऊन? गोडाचं ताट काचेत ठेवून दाखवल्यासारखं. तुम्ही हसायचात. एकदा मी फारच धरून बसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू बोलतेस फार. जंगल ऐकूच येणार नाही."

मी ते गमतीत घेतल्यासारखं दाखवलं. रात्री विलासला सांगताना माझा आवाज चिरकला. तो म्हणाला, अगं वहिनी थट्टा करते, तू टेन्शन घेऊ नकोस. असेलही थट्टा. पण तुमची थट्टा आणि तुमचं खरं एकाच आवाजात यायचं, त्याला मी काय करू?

या संक्रांतीनंतर तुम्ही सायकलशिवाय परत आलात. टेम्पोतून, पेंढ्यावर बसून, केसात काड्या. चाक चाकोरीत अडकून वाकलं होतं, सायकल रानातल्या पाड्यावर भागी म्हणून एक बाई आहे तिच्या ओटीवर ठेवली होती. मी म्हणाले, आणायला जाल तेव्हा मी येणार, आता कारणं नकोत, तुम्हाला मदतनीस लागेलच. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "बघू."

नुसतं 'बघू'. त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑफिसला निघताना तुम्ही जिन्यात मटकन बसलात, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून मी त्या 'बघू'ला उलटंपालटं करून बघते आहे. ते 'हो' होतं की मला गप्प करायचं होतं? सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं.

सायकल आणायला दादाच म्हणाले. तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तिची सायकल अशी लोकाच्या ओटीवर नको, तू येतेस का? विलास मी जातो म्हणाला, पण दादांनी मलाच विचारलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या घरात कुणी काही धड सांगतच नाही, वहिनी. तुमच्याकडूनच शिकले असतील.

एसटीनं फाट्याला उतरलो. कच्ची गाडीवाट रानात शिरत होती. माझ्या मनाची काय अवस्था होती ते सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. मला आनंद झाला होता. तुम्हाला जाऊन पंधरवडा झाला होता आणि मी त्या वाटेवर पाऊल ठेवलं आणि सहलीला निघालेल्या पोरीसारखी इकडे-तिकडे बघायला लागले. सागाची पानं खरंच आवाज करत होती. मी खरंच मागे वळून बघितलं. आणि लगेच मनात आलं, की मी हे बघावं म्हणून तुम्ही मरायला हवं होतंत काय. दादा पुढे चालत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

मागून डोक्यावर बाजाराचं बोचकं घेतलेली एक बाई आली. कुठं चाललाव, म्हणाली. आम्ही सायकलचं सांगितलं, तर ती तोंडभर हसली. तीच भागी. आमच्या पुढं चालायला लागली आणि तुमच्याबद्दल बोलत सुटली. तुम्ही तिच्या पोरींना पॅडलवर उभं करून पाड्याला फेरी मारायचात, जवळा आणायचात, तिच्या ओटीवर चादर अंथरून झोपायचात आणि दिवसभर एकट्याच रानात कुठं कुठं जायचात. ती सगळं वर्तमानकाळात बोलत होती. आम्ही दोघंही तिला अडवत नव्हतो. मी, जिचं तोंड कधी मिटत नाही, ती मी दादांकडे बघत होते आणि दादा वाटेकडे.

वळणावर ऐनाचं जुनं झाड आहे. तुम्हाला माहीत आहे. त्याच्या बुडाशी बिनतोंडाचा एक दगड आणि दगडावर वाळक्या-ओल्या डहाळ्यांचा ढीग. भागीनं बोचकं खाली ठेवलं, जवळच्या कुड्याच्या झाडाची एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि आम्हालाही टाकायला सांगितलं. हा वाटेवरचा देव. येणाऱ्या-जाणाऱ्यानं इथं हिरवी डहाळी टाकायची, म्हणजे तो माणसाला सुखरूप घरी पोचवतो. माणसागणिक एक. मग ती म्हणाली, तुमची बाय मात्र कायम दोन टाकते. एकटी येते आणि दोन टाकते.

दादा थांबले. मीही थांबले.

मी विचारलं, दुसरी कुणाची? भागी म्हणाली, मीपण इचारलं व्हतं, तर नुसती हसली. मी तिला बोलले, असं करू नये. आणि तिनं आम्हाला त्याचं कारण सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिहिते. "देव मानसं मोजतो. डहाली टाकली आन् मानूस नाय आला, तर तो वाट बगत बसतो."

मग मला तिला सांगावं लागलं. मी एवढंच म्हणाले की बाई गेल्या. तिला आधी वाटलं, गावाला गेल्या. मग तिला कळलं आणि ती त्या बोचक्यावरच बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हातानं जमिनीवरची पानं एका बाजूला सारत होती, जसं काही तुम्हाला बसायला जागा करते आहे.

दादांनी दोन डहाळ्या मोडल्या. एक टाकली, आणि दुसरी तिच्याशेजारी हळूच ठेवली. भागी डोळे पुसत म्हणाली की ती दुसरी काढून घ्या, गेलेल्या मानसाची टाकत नाय, तिला कुठं घरी जायचं हाय. देव उगाच बसून राहील.

दादा म्हणाले, "बसू दे. मी पण बसलोच आहे."

वहिनी, या माणसाच्या तोंडून इतक्या वर्षांत मी टायरमधल्या हवेखेरीज काही ऐकलं नव्हतं. ते वाटेला लागले तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला. दुःख तर होतंच, पण त्याच्यावरून एक उजेड गेल्यासारखा होता. त्यांना कळलं होतं, दुसरी कुणाची ते. घरी टायर दाबून देऊन गॅलरीत उभा राहणारा जो माणूस, त्याची. दुसऱ्या कुणाची असणार? त्यांनी मला विचारलंही नाही. आणि मला, त्या क्षणी, त्या बिचाऱ्या माणसाचा राग आला. सख्ख्या भावापेक्षा जास्त माया करणारा माणूस, पंधरा दिवसांत निम्मा झालेला, आणि मी मनात त्याच्याशी भांडते आहे की कशावरून तुमची? तुम्ही कधी म्हणालात का, मला ने म्हणून? मी म्हणत होते. दर वर्षी म्हणत होते.

हे मी कुणाला सांगणार? मी मोठी बाई आहे, दोन पोरांची आई. एका वाळक्या डहाळीवरून दिराशी भांडते आहे.

पाड्यावर सायकल ओटीवर गोणपाटाखाली झाकलेली होती. भागीच्या नवऱ्यानं चाक दगडावर ठेवून ठोकून जमेल तेवढं सरळ केलं होतं. आम्ही कोरा चहा घेतला. तुम्ही जिथं झोपायचात ती जागा तिनं दाखवली. तिथून समोर सगळा डोंगर दिसतो, आणि त्यात घर म्हणून एकही नाही. मी बराच वेळ तिथं बसले. इथं बसून तुम्ही काय विचार करत होतात ते कळेल असं वाटलं. काही कळलं नाही. नुसतं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटलं.

निघताना दादा सायकल हातात धरून चालायला लागले. मी म्हणाले, द्या, मी फाट्यापर्यंत चालवते. मग त्यांनी खाली बसून, काय केलं असेल सांगा? दोन्ही टायर दाबून बघितले. म्हणाले, हो पुढे, मी येतो चालत.

दगडावर चढून मी तुमच्या उंच सीटवर बसले. चाक लटपटत होतं, दर फेरीला ब्रेकला घासून चीं करत होतं. पाड्याचं शेवटचं घर मागे पडलं आणि मग कुणीच नव्हतं. वहिनी, मी जंगलात एकटी होते. ऊन पानांतून खाली येत होतं, वाटेवर धूळ होती आणि तिच्यात कुणाच्या तरी बारीक खुरांचे ठसे, भेकराचे असावेत, तुम्ही असतात तर सांगितलं असतंत. आणि मी बोलत होते. तुमचं म्हणणं खरंच होतं, मला गप्प बसवत नाही. मी मोठ्यानं तुमच्याशी बोलत होते, तेरावं, जिलबी, दादा, डहाळी, सगळं. मागून हं-हं येत नव्हतं. मला ते माहीत होतं. या वेळी मी मागे वळून बघितलं नाही, म्हणून पडले नाही.

ऐनापाशी उतरले. ढिगावर दादांच्या दोन्ही डहाळ्या अजून हिरव्या होत्या. तिथं मी उभी राहिले आणि माझं डोकं चालेना. देव म्हणे वाट बघतो. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही टाकलेल्या त्या दुसऱ्या डहाळीसाठी तो इथं कुणाची तरी वाट बघत होता. आज आम्ही दोघं आलो. मग त्याचा हिशेब कुणामुळे पुरा झाला? की तुमच्या घरात जे लेकरू आलंच नाही, त्याची होती ती डहाळी? तसं असेल तर आम्ही दोघंही उगाच हक्क सांगतो आहोत, आणि देव अजून बसलेलाच आहे. आणि समजा माझी होती. तर एवढं मनात असताना तोंडानं 'चल' म्हणायला तुम्हाला काय झालं होतं? मी एका पायावर आले असते. की मला घरी ठेवून, डहाळी टाकून, अशीच बरोबर न्यायची तुमची रीत होती, म्हणजे मी बरोबर असेन आणि बोलणार नाही? तुम्हाला हे शोभण्यासारखं आहे. मला हसू आलं. मग रडू आलं, आणि या वेळी ते नुसतं तुमच्यासाठी होतं.

मी दोन डहाळ्या टाकल्या. शास्त्राप्रमाणे चूक आहे, भागी ओरडली असती.

फाट्यावर दादा आले तेव्हा मी डोळे धुऊन बसले होते. कंडक्टरनं आणि त्यांनी मिळून सायकल एसटीच्या टपावर चढवली. गाडीत दादा खिडकीशी बसले होते, आणि पनवेल येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड होता. मधेच म्हणाले, बघ, माझी टाकायची ती. मी म्हणाले, हो तर, आणखी कुणाची टाकणार. वहिनी, मी हे किती सहज म्हणाले ते तुम्ही ऐकायला हवं होतंत. मी बोलते फार म्हणता, पण बघा, हे मी पोटात ठेवलं आहे आणि ठेवणार आहे.

पुढच्या थंडीत मी जाणार आहे. चाकाचा आऊट, म्हणजे राहिलेला वाकडेपणा, काढून घेते, सीट खाली घेते. दिवाळ्याचा जवळा घेईन, नाक दाबून. विलासला सांगून झालं आहे, तो 'बघू' म्हणाला, आणि मी त्याला सांगितलं की या घरात तो शब्द पुन्हा काढायचा नाही. दादा टायर बघतील. ऐनापाशी मी दोन टाकीन, आणि भागीनं विचारलं दुसरी कुणाची, तर नुसती हसेन.

फक्त तुम्ही मला सांगा. दादांना कळू देणार नाही, शपथ घेते. ती माझी होती ना?